बक्षीस न लागणाऱ्याचे काय?



गेल्या महिन्यात शेतकी खात्याच्या मीटिंगला एक विषय निघाला. ऊस नोंदीसाठी मोबाईलवरचे ॲप सुरू करून आपल्याला आता दुसरा हंगाम चालू आहे. लागणीची नोंद, प्लॉटचा फोटो, माती परीक्षणाचा अहवाल, बिलाचा हिशेब, सगळे त्यात घरबसल्या पाहता येते. दर पंधरवड्याला रात्री आठ वाजता मोबाईलवर ऊसशेतीचे व्याख्यान असते. सोय चांगली आहे, पण प्रतिसाद पाहिजे तसा नाही. व्याख्यानाला जी नावे दिसतात, त्यातली बरीचशी आमच्याच खात्यातल्या लोकांची असतात. आमचेच बोलणे आम्हीच ऐकायचे, असा प्रकार.

तेव्हा ठरले की सभासदांना ओढ लागावी म्हणून बक्षीस ठेवू. मग काय, सूचनांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले मोटारसायकल ठेवा, कोणी म्हणाले मोठा टीव्ही, कोणी म्हणाले सोन्याचे नाणे. 'मोबाईलवरून नोंद करा, मोटारसायकल जिंका' असा फलकही एकाने मनातल्या मनात रंगवून टाकला. आमचे एक जुने चिटबॉय कोपऱ्यात गप्प बसले होते. त्यांना विचारले, तर ते म्हणाले, "साहेब, गाडी एकाला लागंल. बाकीच्या हजारांनी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

मीटिंग हसली, पण उत्तर कोणाकडेच नव्हते. माझ्याकडेही नव्हते. तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच. संचालक मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे, आणि खाली लिहिलेली मते माझी स्वतःची आहेत. माझे म्हणणे एवढेच की बक्षीस ठरवताना जिंकणाऱ्याकडे कमी पाहावे आणि न जिंकणाऱ्याकडे जास्त पाहावे. ज्याला बक्षीस लागले नाही त्याच्या पदरात काय पडले, यावरून योजना चांगली की वाईट ते ठरवावे.

एक जुना अनुभव

मी पूर्वी ज्या कारखान्यावर नोकरीस होतो, तिथे असाच प्रयोग झाला होता. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मोबाईलवरून ऊस नोंदवणाऱ्या सभासदांतून सोडत काढून एक मोटारसायकल द्यायची, अशी जाहिरात झाली. महिन्याभरात नोंदींचा ढीग पडला. वरिष्ठ खूष झाले. आम्ही फिल्डवर तपासायला गेलो, तेव्हा खरा प्रकार कळला. तीन भावांचा एक एकराचा प्लॉट तीन ठिकाणी नोंदलेला होता. फोटो एकाच उसाचे, फक्त तीन बांधांवरून काढलेले. एकाने तर शेजाऱ्याच्या उसात उभे राहून फोटो पाठवला होता. प्रत्येक नोंदीला एक चिठ्ठी म्हटल्यावर माणूस चिठ्ठ्या वाढवणार. त्यात माणसाचा दोष कमी आणि योजनेचा जास्त.

याचा परिणाम पुढे गळीत हंगामात भोगावा लागला. ऊस नोंद हा कारखान्याचा पाया आहे. किती टोळ्या ठरवायच्या, मुकादमांना किती उचल द्यायची, वाहने किती लावायची, कोणत्या आठवड्यात कोणत्या गटात तोड द्यायची, हे सगळे नोंदीवर चालते. नोंद फुगली की टोळ्यांचा अंदाज चुकतो, आणि चुकलेल्या अंदाजाचा फटका बसतो तो खरी नोंद करणाऱ्यालाच. त्याच्या उसाला तुरा येतो, वजन घटते आणि तो गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवत बसतो.

सोडत झाली. गाडी ज्याला लागली तो निघाला एका संचालकांच्या लांबच्या नात्यातला. सोडत अगदी सचोटीने काढली होती, मी स्वतः तिथे हजर होतो. पण गावोगावी काय चर्चा झाली ते सांगायला नको. दुसऱ्या वर्षी मोबाईलवर नोंद करा म्हटले की लोक विचारायचे, "औंदा कोणत्या पाव्हण्याला गाडी द्यायचीय?" बक्षिसाने विश्वास मिळवायचा होता, तो होता तेवढाही गेला.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. सोडतीत लागलेले बक्षीस दहा हजारांच्या वर गेले की त्यावर तीस टक्के प्राप्तिकर कापला जातो. बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरल्याशिवाय ती वस्तू ताब्यात देता येत नाही. म्हणजे लाखाची गाडी लागली तर तीस हजारांची सोय आधी करायची, मग किल्ली हातात. हा कर कारखान्याने भरायचा म्हटले, तर तो पैसा तरी कोणाचा? तुमचाच.

बक्षिसाने काम होते, पण केव्हा?

यावरून बक्षिसे वाईटच असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. चढाओढ माणसाला आवडते. कुस्तीच्या फडात नारळाच्या कुस्तीलासुद्धा पोरगा जीव तोडून लढतो. प्रश्न आहे तो बक्षीस कशावर लावायचे याचा.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. पाणी फाउंडेशनने २०१६ साली तीन तालुक्यांत वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिले बक्षीस पन्नास लाखांचे होते आणि ते कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवले. रक्कम मोठी होती, हे खरे. पण ती एका माणसाला नव्हती, गावाला होती. चिठ्ठीवर नव्हती, श्रमदानावर आणि मोजून घेतलेल्या कामावर होती. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, ज्या गावाला बक्षीस मिळाले नाही त्याचेही समतल चर, बांधबंदिस्ती आणि शेततळी जागेवरच राहिली. पाऊस काही निकालपत्रक वाचून पडत नाही. हरलेल्या गावाच्या चरातही पाणी मुरतेच. पुढे २०२२ पासून त्याच संस्थेने फार्मर कप सुरू केला, तोही एकेकट्या शेतकऱ्यासाठी न ठेवता शेतकरी गटांसाठी ठेवला. त्यात शेतकरी रात्री मोबाईलवर तज्ज्ञांच्या शेतीशाळेला बसतात. म्हणजे मोबाईलवरच्या व्याख्यानाला आपला शेतकरी बसतच नाही, हे खरे नाही. सोबत गट असला, उद्याच्या कामाचे काही ऐकायला मिळाले, तर तो बसतो.

दुसरे उदाहरण सरकारी सोडतीचे. नोटाबंदीनंतर लोकांनी मोबाईलवरून आणि कार्डाने पैसे द्यावेत म्हणून केंद्र सरकारने २५ डिसेंबर २०१६ पासून लकी ग्राहक योजना काढली. शंभर दिवस रोज पंधरा हजार लोकांना हजार-हजार रुपये, दर आठवड्याला त्याहून मोठी बक्षिसे, आणि शेवटी १४ एप्रिल २०१७ ला एक कोटीचे बक्षीस. ते एक कोटी आपल्या लातूरला आले. ही योजना आखणाऱ्यांनी एक शहाणपण केले होते. पेपरात फोटो आला तो कोटीवाल्याचा, पण रोजची पंधरा हजार बक्षिसे शंभर दिवसांची धरली तर पंधरा लाख होतात. म्हणजे गल्लीत कोणाला तरी हजार रुपये लागल्याचे प्रत्यक्ष कानावर येण्याची सोय होती. थोडी मोठी आणि पुष्कळ लहान, अशी ती रचना होती.

तरीही मला विचाराल तर आज चहाच्या टपरीवर जो तो मोबाईल पुढे करतो, तो त्या सोडतीमुळे नव्हे. सोडत कधीच संपली. सुट्या पैशाची कटकट गेली, वरखर्च लागत नाही आणि पैसे पोहोचल्याचे जागेवर कळते, म्हणून ती सवय टिकली. बक्षीस फार तर पहिल्यांदा दारापर्यंत आणते. माणूस परत येतो तो सोयीसाठी.

तिसरे उदाहरण बक्षीस नसलेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन मोबाईलवरून पिकाची नोंद करायची. सुरुवातीला किती बोंब झाली ते आठवा. रेंज नाही, फोटो जात नाही, गट नंबर सापडत नाही. तरीही लोक शिकले. गाडी मिळणार होती म्हणून नव्हे, तर सात-बाऱ्यावर पीक लागले नाही तर पुढे मदतीला, खरेदीला अडचण येते हे कळले म्हणून. गरज असली की आपला शेतकरी कोणाला विचारायला थांबत नाही. आपल्या ॲपमध्ये सभासदाच्या गरजेचे काय आहे, हे आम्ही आधी स्वतःला विचारले पाहिजे.

जे हक्काचे आहे ते बक्षीस म्हणून देऊ नये

मीटिंगमध्ये आणखी एक सूचना आली होती, आणि तिला माझा स्पष्ट विरोध आहे. मोबाईलवरून नोंद करणाऱ्याला तोडीत आधी पाळी द्यायची, अशी ती सूचना. खर्च काही नाही आणि प्रतिसाद उदंड, असे तिचे समर्थन. प्रतिसाद मिळेल यात शंकाच नाही. तोडीच्या पाळीइतकी ओढ सभासदाला दुसऱ्या कशाचीही नसते. पण पाळी ही लागण तारखेने, जातीने आणि पक्वतेने ठरायची गोष्ट आहे. आडसालीचा सोळा महिने झालेला ऊस उभा ठेवून मोबाईलवाल्याचा बारा महिन्यांचा ऊस तोडला, तर नुकसान सभासदाचेही आणि साखर उताऱ्याचेही. शिवाय ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याने काय गुन्हा केला?

तीच गोष्ट बिलाची. उसाचे पैसे चौदा दिवसांच्या आत द्यावेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते वेळेवर देणे हा उपकार नव्हे आणि बक्षीसही नव्हे. दिवाळीची सभासद साखरही त्यातलीच. हक्काच्या वस्तूला रंगीत कागद गुंडाळून ती बक्षीस म्हणून पुढे केली की सभासदाला ते लगेच कळते. तो तोंडाने काही बोलत नाही, पण मनात नोंद करतो. मी कारखान्याचा नोकर आहे, तरी लिहितो की काटा चोख, पाळी सरळ आणि बिल वेळेवर या तीन गोष्टी असतील तर मोबाईलवरच्या नोंदीला निम्मे प्रोत्साहन तिथेच मिळाले. या तीन गोष्टी नसतील तर विमान ठेवले तरी उपयोग नाही.

प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात पहिला सहकारी कारखाना चालू झाला. त्यासाठी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन शेअर्सचे पैसे भरले. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यांच्यापुढे कसली सोडत ठेवली नव्हती. कारखाना आपला होणार, एवढीच आशा होती. सभासद मालक आहे, गिऱ्हाईक नव्हे, ही गोष्ट बक्षीस ठरवतानाही विसरू नये.

मग बक्षीस काय असावे?

माझ्या मते बक्षीस असे असावे की ते परत उसाच्याच सरीत जाईल, थोडेथोडे का होईना पुष्कळांना मिळेल आणि वेळेवर मिळेल. काही सूचना मांडतो.

पहिली सूचना माती परीक्षणाची. जो सभासद मोबाईलवरून लागणीची खरी नोंद करील आणि जागेवर तपासणीत ती बरोबर निघेल, त्याच्या त्या प्लॉटचे माती परीक्षण मोफत करावे. यात सोडत नाही, नशीब नाही. करील त्याला मिळेल. समजा एका परीक्षणाला अडीचशे रुपये खर्च धरला, तर एका मोटारसायकलच्या लाख रुपयांत चारशे प्लॉटांची माती तपासून होते. चारशे घरांत जमिनीचा सामू, क्षारता, स्फुरद, पालाश यांचा कागद जाईल आणि नको तिथे ओतली जाणारी खताची पोती वाचतील. मात्र यात वेळ महत्त्वाची. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तेव्हा त्या सभासदाला परीक्षणाची चिठ्ठी एप्रिल-मे महिन्यांतच मिळाली पाहिजे. खते टाकून झाल्यावर मातीचा नमुना घेऊन काय उपयोग? म्हणून मागच्या उसाची नोंद खरी निघाली की चिठ्ठी पुढच्या लागणीआधी हातात द्यावी.

दुसरी सूचना व्याख्यानासाठी. मोबाईलवर नाव दिसले म्हणजे माणूस ऐकत होता असे नाही. फोन चार्जिंगला लावून गडी गोठ्यात जातो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून व्याख्यानाच्या शेवटी त्यातलेच दोन सोपे प्रश्न विचारावेत आणि बरोबर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला ज्या विषयाचे व्याख्यान त्याच विषयाची वस्तू द्यावी. बेणेप्रक्रियेचे व्याख्यान असेल तर ॲसिटोबॅक्टर जिवाणू खत द्यावे. ॲसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात बेणे अर्धा तास बुडवून लावले तर नत्राच्या खतात निम्म्यापर्यंत बचत होते, अशी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. ऐकलेली गोष्ट त्याच आठवड्यात शेतात करून पाहता आली, तर ती डोक्यात राहते. खोडकिडीवर व्याख्यान झाले तर ट्रायकोकार्ड द्या, हुमणीवर झाले तर वळवाच्या पावसाआधी प्रकाश सापळा द्या. शंभर रुपयांची वस्तू वेळेवर मिळाली तर हजाराचे काम करते.

तिसरी सूचना गावासाठी. पाचट जाळू नका म्हणून आम्ही वर्षानुवर्षे घसा कोरडा करतो आहोत. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्का नत्र धरले तरी चाळीस ते पन्नास किलो नत्र होते, शिवाय पालाश आणि सेंद्रिय कर्ब वेगळाच. हे बक्षीस निसर्गाने ज्याच्या त्याच्या शेतात आधीच ठेवलेले आहे आणि आपण त्याला काडी लावतो. तेव्हा खोडव्यात पाचट ठेवल्याचे फोटो मोबाईलवर मागवावेत, चिटबॉयने जाऊन खात्री करावी आणि ज्या गावात सर्वांत जास्त क्षेत्रात पाचट राखले गेले त्या गावाला पाचट कुट्टी यंत्र द्यावे. यंत्र गावातल्या सभासदांनी पाळीपाळीने वापरायचे. मग शेजाऱ्याने काडी लावली तर दुसरा शेजारीच त्याला म्हणेल, "अरं, तुझ्यापायी गावाचं मशीन जाईल." आमच्या शंभर भाषणांपेक्षा हे एक वाक्य भारी पडेल. आणि ज्या गावाला यंत्र मिळाले नाही त्या गावाचे पाचट तर शेतातच राहिले. चिटबॉयच्या प्रश्नाला हे उत्तर आहे असे मला वाटते.

चौथी सूचना अभ्यास सहलीची. वर्षभर चोख नोंदी ठेवणाऱ्या सभासदांना पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रावर किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला न्यावे. पाडेगावचे केंद्र १९३२ पासून काम करते आहे. को ८६०३२, फुले २६५ अशा ज्या जाती आपण लावतो, त्यांचे काम तिथे झालेले आहे. सहलीला नवरा-बायको दोघांना न्यावे, असा माझा आग्रह आहे. उसाच्या खुरपणीपासून खत टाकण्यापर्यंत निम्म्याहून जास्त काम जिच्या हातून होते, तिला सहलीला घरी ठेवून जाणे बरोबर नव्हे. ऊसभूषण पुरस्कार घेणाऱ्या शेतकऱ्याची भेट झाली आणि त्याच्या बांधावर उभे राहून त्याला दोन प्रश्न विचारता आले, तर माणूस घरी येतो तो इरेला पेटून येतो. अशा सहलीहून आलेला एक सभासद मला म्हणाला होता, "साहेब, टीव्ही मिळाला असता तर पोरांनी बघितला असता. हे मी बघितलं."

फोन कोणाच्या हातात आहे?

मोबाईलवरच्या योजनेला एक अडचण आहे, ती झाकून ठेवू नये. शेअर वडिलांच्या नावावर, ऊस वडिलांच्या हातचा, आणि चांगला फोन मात्र पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाजवळ. एका गटात असेच घडले. मुलाने पुण्यात बसून हौसेने नोंद केली, पण लागणीची तारीख अंदाजाने टाकली. ती पंधरा दिवसांनी चुकली. वडिलांना पत्ताच नाही. तोडीच्या वेळी पाळी मागे गेली, तेव्हा म्हातारा गट ऑफिसला येऊन डोळ्यांत पाणी आणून भांडला. चूक कोणाची म्हणायची?

तेव्हा दोन गोष्टी व्हाव्यात. नोंद कोणीही करो, चिटबॉयने प्रत्यक्ष ऊस लावणाऱ्या सभासदाला वाचून दाखवून ती कायम करावी. आणि ज्याच्याकडे तसा फोन नाही, त्याने गट ऑफिसला येऊन नोंद केली तर ती ॲपमधलीच नोंद धरून त्यालाही तेच बक्षीस मिळावे. चिटबॉयच्या फोनवरून नोंद झाली म्हणून सभासद कमी दर्जाचा होत नाही. आपल्याला नोंद खरी पाहिजे, फोन महागाचा पाहिजे असे नाही.

हिशेब उघडा ठेवावा

सोडत काढायचीच असेल तर ती लहान वस्तूंची, वार्षिक सर्वसाधारण सभेत सर्वांसमोर, शाळेतल्या मुलाच्या हातून काढावी. संचालक, अधिकारी, कामगार आणि त्यांच्या घरच्यांची नावे आधीच वगळावीत. भाग घेण्यासाठी एक पैसाही घेऊ नये. सर्व विजेत्यांची नावे गाववार याच पत्रिकेत छापावीत. किंमत मालात धरून वर 'फुकट' म्हणून सांगणे आणि बक्षीस योजनेचा निकाल दडवणे, या गोष्टी १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित ठरवल्या गेल्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही तसेच आहे. कायदा ग्राहकाच्या नावाचा असला तरी शहाणपण सहकारालाही लागू आहे. सभासदांचे फोन नंबर आणि क्षेत्राची माहिती खते-औषधे विकणाऱ्या कोणालाही देऊ नये, हेही त्यातच आले.

आणि एक धोक्याची सूचना. कारखान्याने मोबाईलवर बक्षीस जाहीर केले की चोरही त्याच नावाने फोन करतील. "तुम्हाला कारखान्याचे बक्षीस लागले आहे, ओटीपी सांगा, एवढे पैसे भरा, या लिंकवर बोट ठेवा." म्हणून आत्ताच स्पष्ट सांगून ठेवावे की कारखान्याचे कोणतेही बक्षीस फोनवर मिळत नाही, ते फक्त गट ऑफिसला, सही घेऊन, हातात मिळते. असा फोन आलाच तर काही न सांगता ठेवून द्यावा. कोणी फसलेच तर लाजून घरात बसू नये. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

शेवटी

बक्षिसाने माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा तो येतो, कारण पहिल्यांदा आल्याचा काही उपयोग झाला. मातीचा कागद हातात पडला, पाळी कधी येणार ते फोनवर कळले, बिलातल्या कपाती घरी बसून वाचता आल्या, तर पुढच्या वर्षी बक्षीस नसले तरी नोंद होईल. आणि हे काही झाले नाही तर दर वर्षी मागच्यापेक्षा मोठी गाडी ठेवावी लागेल. अशाने कारखाना चालत नाही, गाडीचे दुकान चालते.

आमच्या चिटबॉयना मी हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "चांगलं हाय साहेब. पण हे बी आपणच ठरवलं. सभासदांना कोण विचारणार?" पुन्हा एकदा त्यांचेच बरोबर निघाले.

तेव्हा आता आपणच सांगावे. आपल्याला काय मिळाले तर मोबाईलवरची नोंद आणि व्याख्यान उपयोगाचे वाटेल, आणि काय अडचण येते म्हणून आपण ते करत नाही, हे चार ओळींत लिहून गट ऑफिसला द्यावे. लिहिणे जमत नसेल तर चिटबॉयला तोंडी सांगावे, तो लिहून घेईल. माझ्या सूचना पटल्या नसतील तर तसेही मोकळेपणाने कळवावे. सर्वसाधारण सभेआधी सगळी पत्रे एकत्र करून संचालक मंडळापुढे ठेवण्याची जबाबदारी मी घेतो. पत्र पाठवणाऱ्याला बक्षीस मात्र काही नाही. कारखाना आपला आहे, एवढे पुरे.

जय सहकार.

आपला,
ऊस विकास अधिकारी